सापडलेले पुन्हा सापडावे म्हणून...

जून महिना आला, की शहरातील अनेक घरांत एक ठरलेले दृश्य दिसू लागते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेश अर्जाची मुदत जवळ आलेली असते आणि घरातील सारी मंडळी कपाटासमोर फतकल मारून बसलेली असतात. शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, तर अधिवास प्रमाणपत्र मिळत नाही. जातीचा दाखला गाद्यांखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडतो. नॉन-क्रिमिलेअरचे प्रमाणपत्रही हाती लागते, पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते. कुणीतरी म्हणते, ‘मी त्याचा फोटो काढून ठेवला होता.’ मग मोबाइलमधील हजारो छायाचित्रांत त्या एका फोटोचा शोध सुरू होतो. अखेर थकून कुणीतरी सेतू केंद्राची वाट धरते.

या घरात माहितीची उणीव नव्हती. प्रत्येक दाखला कधी ना कधी खेटे घालून मिळवलेला होता, घरात आणलेला होता आणि ‘नीट’ ठेवलेलाही होता. गरजेच्या दिवशी तो हाताशी आला नाही, एवढेच. परंतु या ‘एवढेच’ची किंमत कधी हुकलेल्या प्रवेशाने, कधी अडकलेल्या विम्याने, तर कधी बँकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ठेवीने मोजावी लागते. मिळालेली माहिती पुन्हा मिळेल अशा रीतीने ठेवणे, या कौशल्याला अभ्यासकांनी ‘वैयक्तिक माहिती व्यवस्थापन’ असे नाव दिले आहे. ‘माहिती साक्षरते’चा हा एक महत्त्वाचा आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय.

साक्षरतेची उरलेली बाजू

‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये अमेरिकेच्या ग्रंथालयविषयक राष्ट्रीय आयोगाला सादर केलेल्या अहवालात प्रथम केला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने माहिती-साक्षर व्यक्तीचे चार गुण सांगितले. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, तिची पारख करणे आणि तिचा परिणामकारक उपयोग करणे. या चौकटीत माहिती जपून ठेवण्याचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. ही उणीव नंतरच्या काळात भरून निघाली. अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत माहितीची नोंद व व्यवस्थापन यांना स्थान मिळाले. ब्रिटनमधील ‘स्कोनल’ या ग्रंथालय संघटनेने २०११ मध्ये माहिती साक्षरतेचे सात स्तंभ नव्याने मांडले, तेव्हा ‘व्यवस्थापन’ हा त्यातील एक स्वतंत्र स्तंभ होता.

महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’सारख्या अभ्यासक्रमांमुळे संगणक साक्षरता घराघरांत पोहोचली. संगणक चालवता येणे आणि माहिती सांभाळता येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम टंकलेखन करणाऱ्या, ऑनलाइन व्यवहारात तरबेज असलेल्या व्यक्तीलाही आपले पाच वर्षांपूर्वीचे विमापत्र कोणत्या ई-मेल खात्यात आले होते, हे आठवत नाही. उलट, संगणकाला हातही न लावलेल्या एखाद्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत मालमत्तेच्या कराच्या पावत्या वर्षवार लावलेल्या असतात. साक्षर कोणाला म्हणावे, हा प्रश्न अशा वेळी वाटतो तितका सोपा राहत नाही.

दप्तर, रुमाल आणि भिंतीवरचे कॅलेंडर

कागद सांभाळण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले जात, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही ‘रुमाल’ हाच शब्द रूढ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या घराण्यांची दप्तरे हुडकत गावोगाव पायपीट केली. त्यातूनच १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ज्या घरांनी कागद जपले, त्यांचा इतिहास उरला. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले किंवा बंबात गेले, त्यांच्याविषयी इतिहास मुका राहिला.

शहरी मराठी घरातील माहिती व्यवस्थापनाचे सर्वांत परिचित साधन मात्र भिंतीवर टांगलेले असते. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झाले. तिथी-वार पाहण्याबरोबरच दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या आणि मुलाच्या लसीकरणाचा दिवस याच पानावर पेन्सिलीने टिपला जाऊ लागला. ही पद्धत इतकी वर्षे टिकून राहिली, याला कारण आहे. नोंद अशा ठिकाणी होते, जिथे घरातील प्रत्येकाची नजर रोज जाते. ती शोधावी लागत नाही; ती स्वतःच आठवण करून देते.

ठेवणे आणि आठवणे यांतील हे नाते संशोधकांच्याही लक्षात आले आहे. टॉमस मेलोन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या टेबलांचा अभ्यास केला. नावे घातलेल्या फाइली करणारे आणि नुसते ढीग रचणारे, अशा दोन प्रवृत्ती त्यांना आढळल्या. ढीग हा निव्वळ आळसाचा परिणाम नसतो, असे त्यांच्या ध्यानात आले. टेबलावर समोर दिसणारा कागद ‘हे काम बाकी आहे’ असे सांगत असतो. तो फाइलमध्ये गेला, की कामही नजरेआड होते. त्यामुळे चालू कामाचे कागद आणि कायमचे दस्तऐवज यांना एकच न्याय लावू नये, हा यातील बोध. भरायचे वीजबिल डोळ्यांसमोर हवे आणि घराचे खरेदीखत कुलपात. बहुतेक घरांत दोन्ही एकाच खणात असतात, आणि घोळ तेथूनच सुरू होतो.

फोल्डर करावेत की नुसते शोधावे?

संगणक व मोबाइल आल्यानंतर ‘शोध’ची सोय झाली. मग वर्गवारीची उठाठेव कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. त्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. स्टीव्ह व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या ई-मेल वापराची पाहणी प्रसिद्ध केली. जुने पत्र पुन्हा शोधण्याचे ८५ हजारांहून अधिक प्रसंग त्यांनी तपासले. ई-मेलचे बारीकसारीक फोल्डर करण्यात वेळ घालवणाऱ्यांना पत्रे अधिक हमखास सापडतात, असे त्यात दिसले नाही. शोधपेटीत शब्द टाकून शोधणारे तुलनेने लवकर मोकळे होत.

दुसरीकडे, ओफेर बर्गमन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की संगणकातील शोधयंत्रणा सुधारली तरी स्वतःच्या फाइलींसाठी लोक फोल्डरचीच वाट धरतात. आपल्या घरात पाणी कोणत्या माठात आहे हे जसे विचारावे लागत नाही, तसेच हे आहे. पाऊल सवयीने तिकडे वळते.

व्यवहारात यातून एक साधा नियम निघतो. ई-मेलच्या फोल्डरांवर फार श्रम घेऊ नयेत. महत्त्वाच्या फाइलींसाठी मात्र मोजके, ठळक नावांचे फोल्डर करावेत. घर, बँक, विमा, आरोग्य, शिक्षण आणि कर असे पाच-सहा कप्पे बहुतेक कुटुंबांना पुरतात. चाळीस कप्पे केले, तर कागद कोणत्या कप्प्यात घातला हे आठवण्यासाठी पुन्हा एक यादी लागते.

याहून मोठी गफलत नावांत होते. मोबाइलने काढलेल्या फोटोला यंत्र स्वतःच आकड्यांचे नाव देते आणि स्कॅन केलेल्या दाखल्याचे नाव ‘स्कॅन-१’ असे राहते. पाच वर्षांनी त्यातून काही बोध होत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय व व्यक्ती असा क्रम ठेवला, तर यादी आपोआप कालानुक्रमे लागते. ‘२०२४-०६-१५ अधिवास प्रमाणपत्र मुलगी’ असे नाव द्यायला अर्धे मिनिट लागते. न दिल्यास जूनमधील एक अख्खी दुपार जाते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाच्या वेळेची बचत करण्याविषयीच आहे. घरातील कपाट हेही एक छोटे ग्रंथालयच, आणि त्याचा वाचक म्हणजे आपणच.

मराठी मजकुराची वेगळी अडचण

मराठी वाचकांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, ज्याची चर्चा इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली व तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि, घरगुती संगणकावर तिचा वापर रुळायला बराच काळ गेला. त्या आधीची आणि नंतरचीही कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतील एखादे चिन्ह असे. फाँट संगणकावर आहे तोवर मजकूर वाचता येतो. नवा संगणक घेतला, जुना फाँट राहून गेला, की त्याच पानावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसू लागते.

परिणामी, सोसायटीची जुनी इतिवृत्ते, संस्थांच्या घटना, वडिलांनी लिहिलेल्या आठवणी किंवा पीएचडीचा प्रबंध असे बरेच काही फाइलरूपात शाबूत असूनही हरवल्यात जमा होते. अशा फाइलीत मराठी शब्द टाकून शोध घेतला, तर उत्तर शून्य येते. फाँट-परिवर्तकाच्या साह्याने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असल्याने तो एकदा डोळ्यांखालून घालणे आवश्यक ठरते. हे काम मूळ फाँट हाताशी आहे आणि मजकुराचा जाणकार घरात आहे, तोवरच उरकलेले बरे.

प्रत एकच असेल तर...

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईतील तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा भांडी-कपड्यांबरोबर शिधापत्रिका, गुणपत्रिका आणि भाडेकराराचे कागदही भिजले. भांडी पुन्हा घेता येतात. दुय्यम गुणपत्रिकेसाठी मंडळाच्या कार्यालयात रांग लावावी लागते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुराने हाच धडा पुन्हा दिला.

इंटरनेटवर ठेवलेली माहितीही अमर नसते. एकेकाळी तरुणाईचा अड्डा असलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. तेव्हा महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांत आणि त्यांतील एक घराबाहेर, हा संगणकक्षेत्रात रूढ असलेला नियम घरालाही लागू पडतो. एक प्रत कपाटात, एक संगणकात वा पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन साठवणुकीत किंवा परगावच्या विश्वासू नातेवाइकाकडे असली, की पूर आणि चोरी दोन्हींचा धाक कमी होतो.

सरकारी दाखल्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेले ‘डिजिलॉकर’ उपयुक्त आहे. त्यातील एक फरक मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. संबंधित खात्याने थेट डिजिलॉकरमध्ये दिलेला दस्तऐवज नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद ही निव्वळ प्रत असते. दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात, म्हणून दोन्हींचे मोल सारखे होत नाही.

प्रती वाढवताना सुरक्षिततेचे भानही हवे. आधार कार्डाचा फोटो जिथे-तिथे पाठवून तो दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये कायमचा सोडण्यापेक्षा, केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ पुरेसे असेल तिथे तेच द्यावे. व्हॉट्सअॅप हे तर कपाट नव्हेच. तेथे फोटो म्हणून पाठवलेल्या दाखल्याचा दर्जा घटतो आणि महिनाभराच्या शुभेच्छांखाली तो दिसेनासाही होतो.

आपण नसताना

आतापर्यंतची चर्चा ‘मला माझे कागद सापडतील का’ या प्रश्नाभोवती होती. खरी कसोटी मात्र पुढची आहे. ‘मी नसताना ते घरच्यांना सापडतील का?’

दहा वर्षे कुणीही हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागृती निधी’कडे वर्ग होतात. ही योजना २०१४ पासून अमलात आहे. मार्च २०२४ अखेर अशा ठेवींची रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. या साऱ्याच ठेवी कागद हरवल्यामुळे पडून राहिल्या, असे म्हणता येणार नाही. पत्ता बदलणे, नोकरीच्या गावचे खाते विसरणे, वारसांतील वाद अशीही कारणे असतात. पण ‘बाबांचे त्या बँकेत खाते होते हे आम्हाला माहीतच नव्हते’ हे वाक्य बँकांच्या काउंटरला नवे नाही.

दिलासा एवढाच, की निधीकडे गेलेली रक्कम बुडत नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस बँकेमार्फत ती परत मागू शकतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ या पोर्टलवर खातेदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र वा जन्मतारीख यांपैकी एक तपशील देऊन सहभागी बँकांतील अशा ठेवींचा शोध घेता येतो. म्हणजे येथेही किमान एक कागद हाताशी असावाच लागतो.

बँक खात्यावर नामनिर्देशन केले असेल, तर कुटुंबाची धावपळ पुष्कळ कमी होते. नव्या तरतुदींनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. तथापि, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ठेवींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क मात्र वारसांचा असतो. म्हणून इच्छापत्र आणि नामनिर्देशन या दोन वेगळ्या नोंदी मानाव्यात.

डिजिटल खात्यांचेही तेच. ठरावीक काळ खाते वापरात नसल्यास विश्वासातील व्यक्तीला कळवण्याची सोय गुगलने २०१३ पासून, तर वारस-संपर्क नेमण्याची सोय अॅपलने २०२१ पासून दिली आहे. कुटुंबाची सारी छायाचित्रे एकाच व्यक्तीच्या मोबाइलमध्ये बंद असतील आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल, तर त्या मोबाइलबरोबर घराच्या आठवणींनाही कुलूप लागते.

एक पान, एक रविवार

मग आरंभ कोठून करावा? सारे कपाट एका दिवसात लावण्याचा संकल्प सहसा दिवाळीच्या साफसफाईबरोबर विरून जातो. त्यापेक्षा एका रविवारी फक्त एक पान लिहावे. कोणत्या बँकांत खाती आहेत, विमा कोणत्या कंपनीचा, घराचे कागद कोणत्या कपाटात, लॉकर कोठे, किल्ली कोणाकडे, इच्छापत्र आहे की नाही, कर सल्लागार कोण, एवढाच मजकूर त्यावर असावा. पासवर्ड व पिन या पानावर लिहू नयेत. ते कोठे सुरक्षित ठेवले आहेत, एवढेच जवळच्या एका व्यक्तीला ठाऊक असावे. पानावर तारीख घालावी आणि दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी ते पुन्हा पाहावे. आर्थिक वर्ष सुरू होते तो एप्रिलचा पहिला आठवडा त्यासाठी सोयीचा. मुदत संपलेले दाखलेही तेव्हाच ध्यानात येतात आणि जूनची धावपळ टळते.

दुसरी पायरी टाकून देण्याची. बदललेल्या मिक्सरचे हमीपत्र, दहा वर्षांपूर्वीची मोबाइल बिले, एकाच दाखल्याच्या अकरा झेरॉक्स यांची गर्दी कामाचा कागद झाकून टाकते. काय ठेवायचे याइतकाच काय ठेवायचे नाही हा निर्णयही माहिती साक्षरतेचा भाग आहे. मात्र खाते क्रमांक, पॅन किंवा आधार क्रमांक असलेले कागद रद्दीत घालण्यापूर्वी फाडून तुकडे करावेत.

हे सारे एका माणसाच्या डोक्यात राहू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. अनेक घरांत आर्थिक कागद केवळ पतीला आणि आरोग्याच्या फाइली व मुलांचे दाखले केवळ पत्नीला ठाऊक असतात. दोघांपैकी एक रुग्णालयात दाखल झाला, की दुसऱ्याला आपल्याच घरात परक्यासारखे हुडकत बसावे लागते. म्हणून ते पान लिहून झाल्यावर एक छोटी परीक्षा घ्यावी. घरातील दुसऱ्या व्यक्तीला, काहीही न सांगता, आरोग्य विम्याचे कागद काढून आणायला सांगावे. पाच मिनिटांत ते हाती आले, तर ते घर माहिती-साक्षर आहे असे खुशाल समजावे.